परत सोडलेला जिताडा

विलायतेहून आल्यापासून पेणच्या बाजारात जो भेटेल तो एकच विचारतो, "काय कंट्रोलर, राणीचा वाडा बघितला का?" नाही बाबांनो, नाही बघितला. लंडनचं ते मोठं घड्याळ मोटारीच्या काचेतून दिसलं, तेही सुमनने कोपराने ढोसलं म्हणून. मी बघितला तो चिखल. मैलोन् मैल चिखल, वाळू आणि त्यात गुडघाभर उभा असलेला एक गुरांचा डॉक्टर. आता ते कसं काय, हे सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं.

मी उभी नोकरी एसटीत काढली, वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी लागली की सांगायचं, सुटली की सांगायचं, रद्द झाली तर शिव्या खायच्या. त्यामुळे आवाज मोठा आणि डोकं तापट, हे दोन्ही खात्याकडून मिळालेलं, असं मी म्हणतो. "खात्याला कशाला नावं ठेवता, लग्नाच्या मांडवातही तुम्ही असेच होतात," असं आमची सुमन म्हणते.

आमची एकुलती एक मृणाल तिकडे मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "बाबा, एक मुलगा आहे. इवान. माझ्याच ऑफिसात आहे, मूळचा वेल्सचा. तुम्ही दोघं या, त्याला बघा, त्याच्या घरच्यांना भेटा. आणि तुम्ही नाही म्हणालात ना, तर मी नाही करणार लग्न."

पोरगी लहानपणापासून हट्टी, पण शब्दाची पक्की. म्हणजे माझ्या एका 'नाही'वर सगळं अडलेलं. आणि खरं सांगतो, मी ते 'नाही' इस्त्री करून बॅगेत घालूनच निघालो होतो. सुमन मुंबईच्या विमानतळावरच विरघळली होती. तिने होणाऱ्या जावयासाठी चकल्यासुद्धा घेतल्या होत्या. माझं म्हणणं साधं होतं. मुलगा कितीही गुणी असो, व्याह्यांचं काय? व्याही म्हणजे सणावाराला बोलवायचा, मानपानावरून रुसवायचा, पुन्हा समजूत काढायची. भांडायला तरी दोघांची एक भाषा नको? उद्या काही झालं तर मी त्या माणसाशी काय हातवारे करत बसू?

मिल्टन कीन्स

हे गाव कुणीतरी आधी कागदावर काढलं आणि मग बांधलं. रस्ते सरळ, आणि दर अर्ध्या मैलाला एक गोल चक्कर. मृणाल गाडी चालवत होती आणि मी मोजत होतो, मग मोजायचं सोडून दिलं. स्टँड कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "बाबा, इथे सगळे ड्राइव्हच करतात." बस आली ती रिकामी, वेळेवर. रिकामी बस वेळेवर येण्यात कसला आलाय पराक्रम! एका मैदानात सिमेंटच्या गाई उभ्या करून ठेवल्यात, त्या बघायला माणसं जातात. सुमनने एकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गरीब आहे हो."

इवान पहिल्याच संध्याकाळी आला. उंच, तांबूस केसांचा. "नमस्कार बाबा, नमस्कार आई," हे पाठ करून आलेला. जेवला, बोटं चाटली, उठून सगळी भांडी घासली आणि ओटा पुसला. आमच्या घरात लग्नानंतर ओटा मी एकदाच पुसलाय, तोही दूध उतू गेलं तेव्हा. सुमनने माझ्याकडे असं काही बघितलं की तेवढंच पुरेसं होतं. पोरगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती.

वेल्स

शुक्रवारी आम्ही चौघं इवानच्या घरी निघालो. फुटबॉलचा विश्वचषक चालू होता, त्यामुळे इंग्लंडमध्ये दर दुसऱ्या गाडीवर झेंडा फडफडत होता. वेल्सची हद्द ओलांडली आणि झेंडे गायब! रस्ता वळणावळणाचा, बाजूला डोंगर, दगडी कुंपणं आणि मेंढ्याच मेंढ्या. दर वळणावर रस्त्यावरच मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'अराफ' लिहिलेलं. मला वाटलं, कुणी पुढारी उभा आहे निवडणुकीला. इवान म्हणाला, "अराफ म्हणजे वेल्शमध्ये सावकाश." म्हटलं बरं, आमच्या वरंध घाटात लिहून ठेवायला हवं.

त्यांचं घर बारमथच्या अलीकडे, खाडीच्या काठी, काळ्या पाटीच्या दगडाच्या छपराचं. त्याचे वडील एमरिस जनावरांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. भुवया इतक्या दाट की त्यावर पाऊस थांबावा. आई मेगन गोरीपान, बुटकी, सारखी हसणारी. नवरा-बायको आपसांत वेल्शमध्ये बोलायचे आणि आमच्याकडे वळले की इंग्रजीत. आम्हीही तेच करत होतो. दोन्ही बाजूंनी गुपितं मोकळेपणी चालली होती.

जेवताना काय बोलायचं? दोन अनोळखी बाप, दोघांच्या मध्ये उकडलेले बटाटे. पावसावर सुरू झालो. मी पेणचा, तो वेल्सचा, पावसाला काय तोटा? तरी पंधरा मिनिटांत पाऊस संपला. मग नुसते काटे-चमच्यांचे आवाज. मी मनात म्हटलं, बघ, हेच मी म्हणत होतो.

तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. एमरिसचा तरुणपणीचा फोटो, आणि त्याच्या हातात मासा! रुपेरी अंग, पाठीवर काट्यांचा ताठ पंखा, मोठं तोंड. मी खुर्चीतून उठलोच.

"जिताडा!"

"बास," एमरिस म्हणाला. "समुद्री बास. इथल्याच खाडीतला."

"बास असेल तुमच्याकडे. हा जिताडा आहे. नाहीतर जिताड्याचा सख्खा चुलतभाऊ!"

त्या भुवया पहिल्यांदाच वर गेल्या. "तुम्ही मासेमारी करता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, अहो, आमचा जन्म धरमतरच्या खाडीकाठचा. चालायच्या आधी गळ टाकला. खरं म्हणजे शेवटचा गळ टाकला त्याला जमाना झाला होता, पण ते सांगायची काय गरज? एमरिस बायकोला वेल्शमध्ये काहीतरी म्हणाला. ती हसली आणि आम्हाला म्हणाली, "उद्या तुम्हाला घेऊन जातो म्हणतोय. हा कुणालाही नेत नाही."

इथे जिताड्याचं थोडं सांगायला हवं, कारण घाटावरच्या वाचकांना त्याची महती कळायची नाही. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, लोक शेताच्या तळ्यात जिताडा लेकरासारखा वाढवतात. तो उठसूट खायचा नाही. तो द्यायचा, साहेबाला किंवा सोयऱ्याला. आमच्या भावकीत सोयरीक जुळत आली की मुलीचा बाप जिताडा घेऊन व्याह्याच्या दारात जातो. त्यांनी मासा ठेवून घेतला की जमलं. मग बैठक-बिठक नंतरची. आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी पहिल्या स्थळाकडून तो परत आला होता. शेपटीला धरून एक गडी दारात ठेवून गेला. माझ्या वडिलांनी त्या माशाला घरात घेतलं नाही, पुन्हा कधी त्या गावचं पाणी प्याले नाहीत. बहीण पुढे चांगल्या घरी पडली, पण आईला त्या दुपारी रडताना मी बघितलंय.

वाळवंट आणि तळं

सकाळी आठला आम्ही दोघंच निघालो. मला एमरिसने त्याचे रबरी पायजमे दिले, छातीपर्यंत येणारे, खांद्यावर पट्टे असलेले. मृणालने मला बघितलं आणि तोंडात ओढणी कोंबली.

बांध ओलांडला आणि मी बघतच राहिलो. ओहोटी होती. नजर पोचेल तिथवर पिवळी ओली वाळू, मध्ये पाण्याच्या दोन-चार रेघा, पलीकडे डोंगर. राजस्थानात आणून सोडल्यासारखं वाटलं. लांबवर खाडीच्या तोंडाशी लाकडी खांबांचा लांबलचक पूल, आणि त्यावरून दोन डब्यांची एक आगगाडी शहाण्यासारखी चालली होती. मी मनातल्या मनात तिची वेळ टिपली.

"आता थांबायचं," एमरिस म्हणाला. "पाणी येईल."

आमिष म्हणून त्याने डब्यातून खेकडे काढले. कवच टाकलेले, मऊ, ताजे! मी कळवळलो. "अहो डॉक्टर, हे तर आपण खायचे!" तो म्हणाला, "आज माशांना खाऊ द्या." अशा खेकड्यांचं कालवण केलं असतं तर आख्ख्या घराची दुपार झाली असती, आणि हा माणूस ते गळाला बांधत होता. तेही नाजूक दोऱ्याने, जखम शिवावी तसं.

मग पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही. आधी रेघा रुंद झाल्या, मग रेघांच्या मधली वाळू बुडाली, आणि बघता बघता त्या वाळवंटाचं मोठं थोरलं तळं झालं, डोंगरापासून पुलापर्यंत. आम्ही मागे सरकत उभे राहिलो. त्या वेळात एमरिस जेवढं बोलला तेवढं कालपासून बोलला नव्हता. गाईचं अडलेलं वासरू कसं काढायचं हे त्याने हाताने दाखवलं. मी त्याला शिमग्याला जादा गाड्या सोडायच्या म्हणजे काय यातना असतात ते सांगितलं. कळलं किती कुणास ठाऊक, पण दोघंही मान डोलवत होतो.

आणि माझ्या हातातली गळाची काठी वाकली.

वाकली म्हणजे खेचलीच गेली. रीळ किंचाळायला लागलं. एमरिस ओरडला, "जाऊ दे, जाऊ दे त्याला!" मी मराठीत ओरडलो, "कुठे जातोस रे, थांब की लेका!" मासा पुलाच्या दिशेने, मी त्याच्या मागे, एमरिस माझ्या पट्ट्याला धरून. एकदा मी बसलोच पाण्यात, रबरी पायजम्यात खाडी शिरली, पण काठी सोडली नाही. किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी तो दमला, मीही दमलो, आणि एमरिसने जाळीत घेतला. हातभर आणि वर वीतभर! उन्हात नव्या टोपासारखा झळकत होता.

मला काय झालं ते आता सांगतो. मी तो मासा एमरिसच्या हातांत बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, "घ्या. तुम्हाला." हो, इंग्रजीत म्हणालो, छातीवर हात ठेवून, पुन्हा त्याच्याकडे हात करून. डोळ्यांत पाणी आलं होतं, खारं की माझं ते माहीत नाही.

एमरिस माझ्याकडे बघून हसला. गुडघ्यावर बसला. मासा पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून, हळूहळू मागेपुढे हलवला. आणि सोडून दिला.

शेपटीचा एक फटका, आणि माझा जिताडा गेला.

"सुंदर," एमरिस म्हणाला आणि माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवायला लागला. मी हात काढून घेतला.

वरच्या मजल्यावर

घरी आलो तो सरळ वरच्या खोलीत. जेवायला बोलावलं, म्हटलं भूक नाही. मेगनने स्वतः वर येऊन विचारलं, तरी नाही. सुमनला म्हटलं, "बॅग भर."

"अहो, काय झालं काय? पडलात का पाण्यात?"

"पडलो, पण त्याचं काही नाही. बॅग भर. हे लोक आपल्याला कस्पटासमान समजतात."

संध्याकाळ झाली तरी ऊन ढळेना. तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, रुसलेल्या माणसाला तोंड लपवायची सोय नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. एवढ्यात खालून बाप-लेकांचा मोठ्ठा आरडाओरडा आणि हसणं ऐकू आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बघ, हसतायत मला!" सुमन जिन्यापर्यंत जाऊन आली. "तुम्हाला कशाला हसतील? टीव्हीवर इंग्लंड हरलं. वेल्शवाल्यांना आनंद झालाय."

मग ती येऊन माझ्या शेजारी बसली. "आता नीट सांगा."

मी उठून बसलो आणि एसटीतल्या आवाजात सांगितलं, "मी त्याला जिताडा दिला! एवढा! माझ्या हाताने धरलेला, पहिला वहिला! आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात सोडून दिला. माझ्या बापाला जे बघायला लागलं तेच मला बघायला लागलं. व्याह्याने माझा मासा परत केला, सुमन!"

सुमन साडीची घडी घालत होती. ती थांबली.

"कोणी परत केला?"

"व्याह्याने! अजून किती वेळा सांगू?"

ती नुसती बघत राहिली, आणि ओठ दाबून धरलेले. दारात काहीतरी खुळखुळलं. मृणाल चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही त्यांना मासा दिलात? आपला तो... आत्याच्या वेळचा? तसा?"

आख्ख्या नोकरीत एकही गाडी माझ्या नकळत फलाटावरून सुटली नव्हती. ही होकाराची मात्र सुटली होती. कधी सुटली ते मलाच ठाऊक नव्हतं.

"मग काय," मी म्हटलं. "दिला. दिलाच ना."

तिने ट्रे खाली ठेवला आणि माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. मीही रडलो, लपवत नाही. रडता रडता तीच हसायला लागली आणि म्हणाली, "बाबा, अहो, इथे मोठा मासा मारत नाहीत. तो वीस-वीस वर्षांचा असतो, अंडी घालणारी मादी असते. एमरिस तर कुठलाच मारत नाहीत. पाहुण्याचा सगळ्यात छान मासा आपल्या हाताने जपून सोडायचा, हा त्यांचा मान आहे. घरी येऊन ते मेगनला तेवढंच सांगत होते, की तुम्ही काय मासा धरलात! आणि मग तुम्ही का जेवला नाहीत म्हणून दुपारपासून दोघं कासावीस झालेत."

"म्हणजे मी मान घ्यायचं सोडून हात काढून घेतला?"

"काढून घेतलात?" सुमन म्हणाली. "धन्य आहात. आता खाली चला आणि जेवा."

खाली गेलो. मृणालने त्यांना सगळं सांगितलं, खारेपाट, आत्या, परत आलेला मासा, सगळं. इवानचे कान लाल झाले. मेगनने तोंडावर हात ठेवला. एमरिस मात्र ताटाकडे बघत एवढंच म्हणाला, "मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "मलाही." जेवणात पुन्हा बटाटेच होते, पण मी तीनदा घेतले.

रविवार

सकाळी उठलो तर एमरिस घरात नाही. "पाण्यावर गेलाय," मेगन म्हणाली, आणि पुढचं तिने सुमनला सांगितलं तसं सांगतो. या घराच्या मोरीत तिने मुलगा लहान असल्यापासून मासा बघितला नव्हता. आज नवरा उठला आणि म्हणाला, सुरीला धार लावून ठेव.

जेवणवेळ टळली. पाऊस सुरू झाला. आम्ही सगळे मागच्या दाराशी. आणि तो आला, भुवयांवरून पाणी निथळत, दोन्ही हातांवर वर्तमानपत्र आणि त्यात मासा. कालच्यापेक्षा लहान, पण चांगला पोसलेला. मला शोधत आला आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. "मी कायद्याच्या मापात बसणारा, पण त्यातला लहान बघून घेतला," तो म्हणाला. "हा तुमचा."

मी गहिवरलो, पण नियम तो नियम. "अहो, उलटं झालं!" मी म्हटलं. "मासा मुलीच्या बापाने द्यायचा!" म्हणून मी तो घेतला, कपाळाला लावला आणि पुन्हा त्याच्या हातात ठेवला.

त्या माणसाचा चेहरा असा पडला की काय सांगू. "परत करताय?"

"नाही, नाही!" मृणाल आणि इवान एकदमच ओरडले. सुमन तर भिंतीला टेकून हसत होती. मृणालने समजावलं, "हे बाबांनी तुम्हाला दिलंय. तुम्ही फक्त ठेवून घ्यायचं." एमरिसने तो मासा छातीशी धरला आणि मान हलवली.

मग सुमनने पदर खोचला. मसाला तिने पेणहून आणलाच होता, कोकमंही. नारळाचं दूध मेगनच्या फडताळात डब्यात मिळालं. फोडणी पडली आणि छतावरचं ते धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. इवान स्टुलावर चढून टॉवेलने त्याला वारा घालत होता, मेगन खिडक्या उघडत होती, खोकत होती आणि विचारत होती, "यात अजून किती मिरची जाणार?"

कालवण झालं. भात झाला. आणि डोकं, जिताड्याचं डोकं, अर्थातच सगळ्यात मानाच्या माणसाला. सुमनने ते एमरिसच्या ताटात वाढलं. मासा त्याच्याकडे बघत होता, तो माशाकडे. आयुष्यभर ज्याने मासे पाण्यात सोडले, त्याच्या ताटात पांढऱ्या डोळ्याचं डोकं. मेगनने त्याच्या हातावर हात ठेवला.

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. "बास्कर," तो म्हणाला, माझं भास्कर नाव त्याला तसंच जमतं, "हा मात्र आता परत सोडता येणार नाही, नाही का?"

मी मृणालकडे बघितलं. ती इवानच्या शेजारी बसून हाताने त्याच्या माशातला काटा काढून देत होती, लहानपणी मी तिला काढून द्यायचो तसा.

"नाही व्याही," मी म्हटलं. "आता ठेवून घ्यायचं. आणि जपायचं."

त्याने काटा-चमचा बाजूला ठेवला, बाह्या वर सारल्या आणि हाताने जेवायला सुरुवात केली.